व्यवसाय : निवृत्त

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात जा, चौकात शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाला लोक 'मामा' म्हणतात. 'मामा, सोडा ना!', 'मामा, एकदाच!' असे आर्जवाचे सूर आपण सगळ्यांनी ऐकले आहेत आणि खरे बोलायचे तर आपणही केव्हा ना केव्हा काढले आहेत. माझी गंमत अशी, की माझे सख्खे मामाच चौकातले मामा होते. शाळेत मी मामांची काही बढाई मारू लागले, की मैत्रिणी विचारीत, "कोणते मामा गं? घरातले की चौकातले?" मी ऐटीत सांगे, "दोन्ही!"

मामा १९७५ साली साताऱ्याकडून येऊन मुंबई पोलिसांत भरती झाले. १९८९ ते २००९ या वीस वर्षांतली सतरा वर्षे त्यांनी वाहतूक शाखेत काढली. कधी दादर टीटी, कधी सायन, कधी वरळी नाका. बिऱ्हाड नायगावच्या पोलीस वसाहतीत, दोन खोल्यांचे. मामा घराण्याने वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, ती गणवेशाच्या आत. विडी नाही, सिगारेट नाही, तंबाखूची चिमूट नाही. चहा तेवढा दांडगा.

वाहतूक पोलिसाचा सदरा पांढरा असतो. हा रंग ज्याने ठरवला, त्याला स्वतःचे कपडे स्वतः धुवावे लागत नसावेत, असे माझ्या मामीचे ठाम मत होते. ती म्हणायची, "तुझे मामा सकाळी बगळा होऊन जातात आणि संध्याकाळी कावळा होऊन येतात." कॉलर साबणाने घासायची, ब्रशाने घासायची, मग निळीच्या पाण्यात बुडवायची, तरी मानेजवळची काळी रेघ काही हटत नसे. रुमालाची कथा तर विचारूच नका. मामा नाक शिंकरीत, त्यात काजळी निघे. मी एकदा म्हटले, "मामा, एवढा धूर पोटात जातो, त्रास नाही होत?" ते हसून म्हणाले, "पोरी, आईनं जन्मभर चूल फुंकली. आम्ही शिट्टी फुंकतो. धूर आमच्या घरचाच आहे."

मामा २०११ मध्ये निवृत्त झाले. २०१८ च्या पावसाळ्यात खोकला लागला, तो जाईना. काढे झाले, वाफारे झाले, गल्लीतल्या डॉक्टरांची औषधे झाली. शेवटी मोठ्या तपासण्या झाल्या आणि कळले, की फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि तोही बराच पुढे गेलेला.

त्या दिवसांतला एक कागद माझ्या मनातून अजून जात नाही. एका रुग्णालयात नाव नोंदवताना फॉर्म भरायचा होता. तो मीच भरत होते. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "विडी, सिगारेट?" नाही. "तंबाखू, मिश्री, गुटखा?" नाही. त्यांनी मामांकडे एकदा निरखून पाहिले आणि पुन्हा विचारले, "पूर्वी कधी?" मामांनी गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली. मग पुढचा रकाना आला, व्यवसाय. मी काही सांगायच्या आत बाईंनी कागद ओढून घेतला आणि झरझर लिहिले, 'निवृत्त'.

आता मला सांगा, निवृत्त हा काय व्यवसाय झाला?

त्या बाईंचा दोष नव्हता. रांग मोठी होती. पण त्या एका शब्दाने सतरा वर्षांचा चौक पुसून टाकला. आणि जागा मोकळी राहिली, की ती भरायला लोक तयारच असतात. नात्यातले एक गृहस्थ मामा गेल्यावर दहाव्याला हळूच म्हणाले, "पोलीसखात्यातला माणूस. काहीतरी चोरून असणारच हो!" मामीने ते ऐकले. मामा गेल्याचे दुःख तिने पचवले; हे वाक्य तिला अजून पचलेले नाही.

मी डॉक्टर नाही. पण त्या वाक्यापायी वाचायला लागले, आणि वाचता वाचता बरेच काही कळले.

कामातून कर्करोग होऊ शकतो, हे जगाला काल-परवा समजलेले नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे एका विशिष्ट जागी कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे. म्हणजे या प्रकरणातला पहिला आरोपी काजळीच! डिझेलच्या धुरात तीच जात आहे. त्याचे कण इतके बारीक, की आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान. नाकातल्या रुमालावर दिसते ती भरड काजळी. खरी घातक ती, जी दिसत नाही आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. कर्करोग उत्पन्न करणारी रसायने ती आपल्या अंगावरून वाहून नेते. तोंडाला बांधलेला साधा रुमाल तिला काय अडवणार?

त्यातून चौक ही जागाच अशी. सिग्नलला गाड्या उभ्या राहतात, त्यांची इंजिने धडधडत राहतात आणि दिवा हिरवा होताच सगळ्या एकदम जोर करून निघतात. धुराचा सर्वांत मोठा लोट त्याच घटकेला. आपण एका मिनिटात तो चौक ओलांडतो. मामा तिथेच उभे.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. कशामुळे कर्करोग होतो याचा निवाडा तिथले तज्ज्ञ करतात. डिझेलच्या धुराला त्यांनी १९८८ मध्ये 'बहुधा' कारणीभूत म्हटले होते. २०१२ मध्ये खाणकामगारांवरच्या अभ्यासानंतर 'बहुधा' जाऊन 'निश्चित' आले. पुढच्याच वर्षी बाहेरच्या दूषित हवेलाही त्याच पंक्तीत बसवले. मी तारखा जुळवून पाहिल्या. मामांची चौकातली सगळी वर्षे 'बहुधा' आणि 'निश्चित' यांच्या मधोमध गेली.

रात्रपाळीचेही तसेच. शरीराचे घड्याळ वर्षानुवर्षे उलटे फिरवणाऱ्या या कामाला त्याच संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा'च्या यादीत घातले आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून तिथेच ठेवले. अग्निशमन दलाच्या जवानांचा तर सबंध व्यवसायच २०२२ मध्ये 'निश्चित'च्या यादीत गेला. पोलिसांच्या व्यवसायाचा असा निवाडा मात्र झालेला नाही.

म्हणून मी छातीठोकपणे असे म्हणत नाही, की मामांना त्या धुरानेच नेले. एका माणसाच्या बाबतीत असे बोट दाखवता येत नाही, आणि तंबाखू हे आजही सर्वांत मोठे कारण आहे, हे मलाही ठाऊक आहे. वसाहतीतले कितीतरी पोलीस तंबाखू मळत, तेही मी पाहिले आहे. पण ती सवय लागे कशाने? बारा-चौदा तासांचा बंदोबस्त, जेवणाचा पत्ता नाही, झोप डोळ्यांवर. मग चिमूटभर तंबाखू. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात. मामा तेव्हा घरी बसले होते. बातमी वाचून म्हणाले, "आम्ही दीड नोकरी केली म्हणायची!"

मोजायचे ठरवले तर मोजता येते, हे न्यूयॉर्कने दाखवले. ११ सप्टेंबर २००१ ला तिथले जुळे मनोरे कोसळले, त्यात शहराचे २३ पोलीस त्याच दिवशी गेले. नंतर महिनोन् महिने ढिगाऱ्यावर राबलेल्या पोलिसांनी ती विषारी धूळ छातीत भरून घेतली. आजार वर्षांनी उमटले. पण कोण कुठे, किती दिवस होता, याच्या नोंदी जमवल्या गेल्या. लोक भांडले. २०११ मध्ये त्यांच्या उपचारांचा कायदा अमलात आला, आणि २०१२ मध्ये अनेक प्रकारचे कर्करोग त्यात धरले गेले. तिथे एक भीषण दिवस होता, साऱ्या जगाने पाहिलेला. आमच्या मामांचा चौक रोजचाच. रोजच्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो?

कर्करोग उगवायला दहा-वीस वर्षे घेतो. तोवर हवालदार घरी बसलेला असतो, आणि वार्षिक तपासणीही नोकरीबरोबर संपलेली असते. वास्तविक ती खरी गरजेची तेव्हाच असते. मोजके तास, धूर अडवणारा नीट बसणारा मुखवटा, धुराच्या चौकातून आळीपाळीने बदली आणि निवृत्तीनंतरही तपासणी, एवढे मागणे काही आभाळाएवढे नाही. आपल्यालाही सिग्नलला इंजिन बंद ठेवायला काही कष्ट पडत नाहीत.

दिवाळीत सगळे घर जमते, म्हणून एक सुचवते. घरात कुणी निवृत्त मंडळी असतील, मग ती पोलिसातली असोत, छापखान्यातली असोत की गिरणीतली, तर फराळानंतर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कुठे काम केले, कोणती वर्षे, हाताखाली आणि नाकापुढे काय असे, रात्रपाळ्या किती, सगळे लिहून घ्या. मंडळी मोठ्या हौसेने सांगतात. आणि पुढे कधी डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर ती वही बरोबर न्या.

आमच्या मामीने तशी एक वही केली आहे, मामांच्या बरोबरीच्या हवालदारांची. वसाहत सोडून गेलेल्यांनाही ती फोन करते. परवापर्यंत एकोणीस नावे झाली होती. प्रत्येक नावापुढे चौक लिहिला आहे, वर्षे लिहिली आहेत, आणि व्यवसायाच्या रकान्यात तिने आपल्या मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिले आहे, 'वाहतूक पोलीस'.