हा आकडा कुणाचा?

फोनवर पायलटचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते. "दादा, कनेक्ट झालंय, पण..." त्या 'पण'च्या पुढे माझे काम सुरू होते. मी मूळचा उमरखेडचा, पोटापाण्यासाठी पुण्यात राहतो. इंजिन नसलेल्या विमानांतली दिशादर्शक यंत्रे जोडून आणि सेटिंग लावून देणे हा माझा धंदा. हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर पन्नासच्या दशकापासून आहे. कामशेतच्या डोंगरांवर पावसाळा सरला की पॅराग्लायडर उडू लागतात. माझी गिऱ्हाइके बहुतेक या दोन ठिकाणांच्या आसपासची, त्यातही पॅराग्लायडरवाले जास्त. गावी येताना यंत्रांची पिशवी बरोबर असतेच. चाचणीला आमच्या गच्चीइतकी चांगली जागा पुण्यात मिळत नाही, इथे आभाळ चारही बाजूंनी क्षितिजापर्यंत उघडे आहे.

ग्लायडर सतत खाली येत असतो. उन्हाने तापलेल्या रानावरून हवा वर चढते, तिला थर्मल म्हणतात. तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढे जायचे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे वावटळ उठते ना, तिच्याच डोक्यावर बहुधा असा थर्मल असतो, आणि घारींना तो पायलटच्या आधी सापडतो. पायलटपुढे सतत एकच प्रश्न असतो: आत्ताच्या उंचीवरून मी त्या मैदानापर्यंत पोचेन का? हा हिशोब करणारे सर्वांत प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअर एक्ससीसोअर. त्याचा स्रोत खुला आहे, जगभरचे हौशी लोक ते घडवतात. अँड्रॉइड फोनवर ते चालते, तसेच कोबो नावाच्या ई-पुस्तक वाचायच्या पाटीवरही चालते. भर उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो, कोबोचा कागदासारखा पडदा मात्र उन्हात अधिकच स्वच्छ वाचता येतो. अडचण एवढीच की कोबोत जीपीएस नसते, ते बाहेरून आणून जोडावे लागते.

मी कोबोची पाठ उघडतो. आतल्या पट्टीवर सीरियल पोर्टचे बारीक ठिपके असतात, त्यांवर नखाएवढ्या जीपीएसच्या तारा डाग देऊन बसवतो. इथे पहिला धोका विजेच्या पातळीचा. कोबोच्या आतले पोर्ट ३.३ व्होल्टचे आणि जुन्या ग्लायडर-यंत्रांचे आरएस-२३२ पोर्ट उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत जाणारे. मधे पातळी बदलणारी चिप न घालता दोन्ही थेट जोडली, तर पाटी कायमची जाते. दुसरी गोष्ट वेगाची. जीपीएसची भाषा म्हणजे एनएमईए ०१८३, मूळची जहाजांसाठी केलेली. तिचा ठरलेला वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे. एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे, म्हणून सेकंदाला जेमतेम सहा वाक्ये जातात. नुसत्या जागेसाठी तेवढी पुरतात. पण आसपासच्या ग्लायडरांची सूचना देणारे फ्लार्म जोडले, की आभाळात गर्दी असताना वाक्ये तुंबतात. पडद्यावरचा ग्लायडर मग प्रत्यक्षाच्या मागे राहतो. म्हणून यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे वेग वाढवून सारखाच ठेवावा लागतो. तो जुळला नाही तर अर्थहीन चिन्हे येतात, आणि हा दोष त्यातल्या त्यात बरा, कारण तो लपत नाही.

खरी काळजी न दिसणाऱ्या दोषांची. यंत्र जोडले, पडद्यावर हिरवी खूण आली, आकडे हलू लागले की पायलट निर्धास्त होतो. मी तिथूनच सुरुवात करतो. एक्ससीसोअरच्या यंत्रांच्या यादीत 'मॉनिटर' नावाचे बटण असते. ते दाबले की यंत्र बोलते ती वाक्ये जशीच्या तशी समोर सरकत जातात. गच्चीवर बसून मी ती वाचतो. डॉलरचे चिन्ह, मग वाक्याचे नाव जीपीआरएमसी, मग वेळ. सकाळी दहाला तिथे ०४३००० दिसते, कारण उपग्रहांची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यापुढे एक अक्षर: 'ए' असेल तर जागा भरवशाची, 'व्ही' असेल तर नाही. मग उमरखेडचे अक्षांश १९३६ आणि रेखांश ०७७४२ यांच्या आसपासचे आकडे, पुढे दशांश. याचा अर्थ १९ अंश ३६ मिनिटे आणि ७७ अंश ४२ मिनिटे. हेच दशांश अंशांत लिहिले तर १९.६० आणि ७७.७० होते. उतरायच्या जागांची यादी हाताने भरताना कुणी १९.३६ आणि ७७.४२ असे ठोकून दिले, तर उमरखेड चाळीसएक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकून पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात जाऊन बसते. सॉफ्टवेअर ते मुकाट्याने मान्य करते. म्हणून यादी भरली की प्रत्येक ठिकाण नकाशावर उघडून पाहावे. आमच्या भागात इसापूरचे धरण पाहिले की पुरते, एवढे मोठे पाणी चुकीच्या जागी असले तर लगेच डोळ्यांत भरते.

उंचीचा गुंता याहून खोल आहे आणि त्यावर मी नेहमीच जास्त वेळ घालवतो. उपग्रहांवरून मिळणारी उंची मुळात पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ती शंभर मीटरांहून अधिक खाली गेली आहे, जगातला सर्वांत खोल खळगा तोच. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो आणि महाराष्ट्रात हा फरक साठ मीटरांहून अधिक भरतो. युरोपात उलटे आहे, आल्प्सच्या परिसरात समुद्रसपाटी लंबगोलाच्या पन्नासएक मीटर वर. ग्लायडिंगची बहुतेक मार्गदर्शने युरोपात लिहिली गेली. तिथला पायलट सांगतो, दुरुस्ती न केलेली उंची जास्त दिसते, तेवढी वजा करा. आपल्याकडे ती कमी दिसते. तो सल्ला इथे पाळला तर दोष दुप्पट होतो.

कमी दिसणारी उंची निदान सावध करते. घात होतो तो दुरुस्ती दोनदा झाल्यावर. जीपीएसचे जीजीए नावाचे वाक्य दुरुस्त उंची देते आणि वापरलेला फरकही शेजारी छापते. अँड्रॉइड फोनची स्वतःची उंची मात्र पूर्वापार लंबगोलाची असते. मधल्या एखाद्या ॲपने ती दुरुस्त केली आणि पुढच्या सॉफ्टवेअरने पुन्हा केली, तर तुम्ही आहात त्याहून साठ-पासष्ट मीटर वर दिसता. एकास नऊ या प्रमाणात तरंगणाऱ्या पॅराग्लायडरला पासष्ट मीटर म्हणजे जवळपास सहाशे मीटरचे अंतर, एकास पस्तीसच्या ग्लायडरला सव्वादोन किलोमीटर. म्हणजे मैदानाच्या अलीकडचा ऊस किंवा विजेची तार.

म्हणून शेवटच्या घसरणीच्या हिशोबाला हवेच्या दाबाची उंची घ्यावी असे माझे ठाम मत आहे. व्हेरिओ नावाच्या यंत्रात दाबमापक असतोच. पण तोही सकाळी लावून विसरायचा नाही. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. फरक तीन-चार मिलिबार. एक मिलिबार म्हणजे साधारण नऊ मीटर. सकाळी लावलेले यंत्र दुपारी उतरताना तीसेक मीटर जास्त उंची सांगते, हवामान कितीही शांत असले तरी. दुपारच्या उड्डाणाआधी जमिनीवरच उंची पुन्हा जुळवून घ्यायची.

दोन-तीन यंत्रे एकाच वेळी जोडली की आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एक्ससीसोअर यादीतल्या पहिल्या यंत्राला मान देते आणि ते गप्प झाले तर दुसऱ्याकडे वळते. फोनचे स्वतःचे जीपीएस पहिल्या जागी राहिले, तर बाहेरचे महागडे यंत्र नुसते बसून असते. शिवाय यंत्राची वाक्ये उलगडणारा ड्रायव्हर 'सर्वसाधारण' ठेवला तर जागा दिसते, पण चढ-उताराचा आकडा न येण्याची शक्यता असते, कारण त्याची वाक्ये प्रत्येक कंपनीची वेगळी.

कामशेतहून एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची: कड्यासमोर वाऱ्याकडे तोंड करून तरंगताना पडदा गोठतो. वाऱ्याचा आणि पॅराग्लायडरचा वेग सारखा झाला की जमिनीच्या हिशोबाने माणूस जागेवर उभा असतो. सर्फ नावाच्या जुन्या जीपीएस चिपमध्ये गाडीसाठी केलेली एक सोय होती, सिग्नलला थांबलेली गाडी नकाशावर थरथरू नये म्हणून कमी वेगाला जागा गोठवून ठेवायची. हवेत ती सोय जिवावर बेतू शकते, ती बंदच करावी लागते. यूब्लॉक्स चिपमध्ये वेगळी खोच आहे. तिला आपण चालतो आहोत की उडतो आहोत हे सांगावे लागते. 'पादचारी' ठेवली तर ताशी १०८ किलोमीटरच्या वर ती अडखळते. तिथे 'हवाई' निवडायचे.

जुनी यंत्रे विकत घेणाऱ्यांनी तारीख पाहून घ्यावी. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले आणि अनेक जुनी यंत्रे साडेएकोणीस वर्षे मागे गेली. जागा बरोबर, वेळ बरोबर, तारीख १९९९ ची. अशी उड्डाणनोंद स्पर्धेत धरली जाणार नाही.

यवतमाळ-नांदेडकडची मुले विचारतात की उडायला मिळणार नसेल तर हे शिकून काय करायचे. त्यांना मी एक्ससीसोअर उघडून देतो. सुरुवातीलाच ते विचारते, उडायचे की सराव करायचा. सराव निवडायचा, आपल्या भागाचा नकाशा भरायचा आणि कुणाची तरी खरी उड्डाणनोंद लावून चालवायची. मग एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायचे की हा जीपीएसने दिला, दाबमापकाने दिला की सॉफ्टवेअरने स्वतः काढला. मागच्या सुट्टीत अकरावीतल्या एका मुलीने पडद्यावरच्या दोन उंचींतला फरक दाखवून विचारले, "काका, यातली कुठली धरायची?" ती अजून एकदाही उडालेली नाही. पुढच्या सुट्टीत तिच्या हातात डागणी द्यायची आहे, एक कोबो राखून ठेवला आहे.