पुण्याचं आयलंड, वाशिमचा ओटा

तुमच्या मोबाइलमध्येही 'ड्रीम किचन' नावाचा एक फोल्डर असेलच. पांढराशुभ्र क्वार्ट्झ, मधोमध आयलंड, त्यावर लोंबणारे तीन पितळी दिवे आणि बाजूला उंच स्टूलवर बसून कॉफी पिणारी, कधीच फोडणी न देणारी बाई. माझ्याही मोबाइलमध्ये होता. तो फोल्डर घेऊनच मी वाशिमला निघाले.

कारण साधं होतं. वरच्या फळीवरचा डबा काढताना आई स्टूलवरून पडली. हाड मोडलं नाही, पण आमच्या घरात जुना वाद नव्याने सुरू झाला. दादाचं म्हणणं, घर विकू आणि आईला पुण्याला आणू. विकायच्या घरात तीन लाखांचं किचन कशाला? आईचं म्हणणं एका वाक्याचं, "मी काई येत नाई." बाबा गेल्यापासून ती हेच म्हणतेय. माझं गणित असं की तिला तिथंच राहायचं असेल, तर निदान किचन तरी तिच्या जिवावर उठणारं नको.

समृद्धी महामार्गाने आमचं गाव जवळ आणलंय. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पुण्याहून संभाजीनगरपर्यंत जी काय कटकट ती, पुढे गाडी नुसती पळते. मालेगावला उतरायचं (नाशिकचं नव्हे हो, आमचं मालेगाव जहांगीर) आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन-तुरीची शेतं बघत वाशिम गाठायचं. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बातम्यांत फारसा येत नाही. आला तर पोहरादेवीच्या यात्रेसाठी, नाहीतर 'आकांक्षित जिल्हा' म्हणून.

पण दगड निवडायच्या बाबतीत आमच्या गावाला कमी समजू नका. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात याच घराण्यातला हरिषेण राज्य करत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. तेव्हा आमच्याकडच्या मंडळींनी बेसॉल्टचा अख्खा कडा निवडला होता, मला फक्त नऊ फुटांचा ओटा निवडायचा होता.

घरी पोहोचल्यावर आईला फोल्डर दाखवला. तिने चष्मा वर केला, आयलंडचा फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "हे मधात काहून ठुलं? याच्यावर काय करतात?"

"भाजी चिरायची, गप्पा मारायच्या, नाश्ता करायचा."

"मंग मी खाली बसून हेच करतो न बाप्पा."

दुसऱ्या दिवशी कारंज्याला काकांकडे गेलो. कारंजा लाड म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे गर्दी बाराही महिने. काकांकडे दोन वर्षांपूर्वी खरंखुरं आयलंड झालंय. त्यावर काय होतं सांगू? वायफायचं राउटर, लाइट बिलं, काकांच्या गोळ्या आणि सुपात वाळत घातलेले सांडगे. काकू मागच्या जुन्या ओट्यावर भाकरी थापत होत्या. "पाहुणे आले की पुसून घेतो," म्हणाल्या.

तरी मी टेप काढून हिशेब केलाच. आमचं स्वयंपाकघर अकरा फूट रुंद. भिंतीचा ओटा दोन फूट, मधली वाट साडेतीन, आयलंड अडीच, पलीकडची वाट तीन. झाले अकरा! कागदावर बसलं. फक्त पलीकडच्या भिंतीला फ्रिज आणि वर्षाच्या गव्हा-डाळीच्या कोठ्या आहेत, त्या कुठे जाणार? पुण्यात आपण डाळ पाव किलोच्या हिशेबाने मागवतो. वाशिममध्ये तूर पोत्याने घरात येते.

दगडाचा प्रश्न आईने स्वतः सोडवला. दुकानातून आम्ही चार तुकडे आणले होते: पांढरा संगमरवर, पांढरा क्वार्ट्झ, कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट. रात्री तिने चारही तुकड्यांवर हळद, तेल आणि लिंबू चोळलं आणि झोपायला गेली. सकाळी पुसून बघितलं तर संगमरवराची चकाकी गेलेली, वर पिवळा डाग. कडप्पाही जिथे लिंबू लागलं तिथे पांढुरका. तोही चुनखडकच, आंबटाशी त्याचं जमत नाही. क्वार्ट्झवर हलकी पिवळी झाक राहिली. ग्रॅनाइटला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मग गरम कढई. क्वार्ट्झचा स्लॅब दगडाची भुकटी आणि रेझिन मिळून बनतो आणि ते रेझिन तापली कढई सहन करत नाही, चट्टा पडतो. शोरूममधला सेल्समन ट्रायव्हेट वापरा म्हणतो. आईला ट्रायव्हेट म्हणजे काय हे सांगण्यात माझी पाच मिनिटं गेली.

क्वार्ट्झवर मी फुली मारली त्याला दुसरंही कारण आहे. दुकानामागे एक पोरगा ग्राइंडरने सिंकचं भोक कापत होता. कोरडंच. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. दगड कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिका बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. तरुण कामगार आजारी पडायला लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, नसते असं नाही. म्हणून मिस्त्रींना सांगितलं, कापाल तर पाणी मारूनच. "ताई, चिखल होते न मंग," म्हणाले. होऊ द्या. चिखल मी काढला.

काळ्या ग्रॅनाइटची एक गंमत. आंध्रातून येणारा तो चमचमता ब्लॅक गॅलक्सी भूगर्भशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो आहे. आणि गॅब्रो म्हणजे आपल्या बेसॉल्टचाच भाऊबंद. घटक तेच, एक लाव्हा वर येऊन झटकन थंड झाला, दुसरा जमिनीच्या पोटात सावकाश. म्हणजे ट्रकने शेकडो किलोमीटर आणलेला दगड आईच्या पाट्या-वरवंट्याचा नात्यातलाच निघाला. आम्ही तो चकचकीत न घेता लेदर फिनिशमध्ये घेतला. का, ते दिव्यांपाशी सांगते.

त्याआधी उंची. शहरातल्या एका डिझायनरने ड्रॉइंगमध्ये ३६ इंच लिहून पाठवलं होतं. आई चार फूट दहा इंच! कोपर दुमडला की तो जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या चार-पाच इंच खाली ओटा हवा. आईचं कोपर साडेछत्तीसवर, म्हणजे ओटा ३२. शेगडी ठेवली की पातेलं आणखी वर जातं, म्हणून तेवढा भाग २९. १९२६ मध्ये जर्मनीत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण आर्किटेक्ट बाईने 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन डोळ्यांपुढे ठेवून, बाईची पावलं मोजून. आपल्या सगळ्या मॉड्युलर किचनांची ही आजी. पण तोवर आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, असं तिनेच नंतर सांगितलं. तेव्हा आमच्या डिझायनरला मी फार बोलले नाही.

आता दिवे. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. जुनी ट्यूब होती तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे भाजी चिरताना तिचीच सावली हातावर पडायची. कित्येक वर्षं ती सावलीतच चिरत होती आणि आम्ही कुणी ते पाहिलं नाही. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावली. चार हजार केल्विनची, म्हणजे हळद हळदीसारखी दिसते आणि निळसर दवाखानाही वाटत नाही. वर दुधी कव्हर. चकचकीत काळ्या दगडात त्या पट्टीचे ठिपके आरशासारखे डोळ्यांत टोचतात, लेदर फिनिशमध्ये विरून जातात. पट्टी इन्व्हर्टरवर घेतली, कारण उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याची खात्री कुणी देत नाही. पितळी लटकते दिवे फोल्डरमध्येच राहिले. (एक घेणार होते. आईने किंमत विचारली.)

वरच्या कपाटात आता फक्त दिवाळीचे डबे. रोजचं सगळं कमरेच्या उंचीच्या ड्रॉवरमध्ये. स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

आणि आयलंड? झालं की! ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा लोखंडी सांगाड्यावर बसवला. उंची २८ इंच, खाली पाय जातील एवढी जागा, चार चाकं, दोघांना ब्रेक. आई खुर्चीवर बसून त्यावर भाकरी थापते, गुडघे दुखत नाहीत. पाटा खिडकीखाली ठेवलाय. त्याला टाकी लावणारे आता दारावर येत नाहीत, मिस्त्रींनीच छिन्नीने लावून दिली, पैसे घेतले नाहीत. दादा येऊन बघून गेला. घर विकायचं या वेळी बोलला नाही, एवढंच.

परवा व्हिडिओ कॉल केला तर आयलंड किचनमध्ये दिसेना.

"आई, आयलंड कुठंय?"

तिने फोन फिरवला. अंगणात, भर उन्हात, आयलंड उभं होतं. त्यावर आईचं जुनं सुती लुगडं आणि लुगड्यावर रांगेत कुरडया.

"उंबऱ्यावरून नेलंस कसं?"

"शेजारचे दोन पोट्टे बलावले. थांब, कावळा आला," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.