फोर्ट, कलिना की गणेशखिंड?

बी.ए., बी.एस्सी.चा निकाल लागला की हिंदमाता, नायगाव, भोईवाडा, लालबाग या पट्ट्यातल्या आमच्या पिढीपुढे एक प्रश्न हमखास यायचा. पुढचं शिक्षण मुंबईत घ्यायचं की पुण्यात? मुंबई विद्यापीठ म्हणजे फोर्टातला राजाबाई टॉवर, आणि कुर्ला-सांताक्रुझच्या मधलं कलिना. पुणे विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतलं ४११ एकरांचं आवार. दोन्ही विद्यापीठं सरकारी, दोन्हींची फी गिरणी कामगाराच्या घराला कशीबशी झेपणारी, दोन्हींच्या पदवीला नोकरीच्या बाजारात सारखाच मान. मग निवड व्हायची ती जागेवरून, आणि तीसुद्धा आमच्या घरातल्या जागेवरून.

ऐंशीचं दशक होतं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस दिवसा झोपलेला असायचा, म्हणून मोठ्यानं वाचायची सोय नाही. रात्री दिवा मालवायचा, कारण सकाळच्या पाळीचा माणूस झोपायचा. परीक्षेच्या दिवसांत मुलं गॅलरीत चटई टाकायची, नाहीतर नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायची. अशा घरातल्या आईला ‘पुणे’ म्हटलं की झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेला मुलगा दिसायचा. वडिलांना हॉस्टेलचं बिल दिसायचं. मुलगा घरी राहिला तर संध्याकाळी चार शिकवण्या करील, रेल्वेच्या सवलतीच्या पासावर कलिन्याला जाईल आणि जेवायला घरी येईल, हा त्यांचा हिशेब. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक घरांत हा वादच मिटला. पगार नाही तिथं पुण्याचं नाव कोण काढणार? कित्येकांनी तर दोन्ही विद्यापीठं सोडली. बँकेच्या, एलआयसीच्या, महापालिकेच्या परीक्षा दिल्या, टेबल पकडलं आणि पुढं बाहेरून एम.ए. केलं.

आज त्याच चाळींच्या जागी टॉवर आहेत आणि बाविसाव्या मजल्यावर मुलाला स्वतःची खोली आहे. त्याचा निर्णय त्या खोलीत, दार लोटून, मोबाइलवर होतो. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम, प्राध्यापकांची नावं, मागच्या वर्षीचे गुण, हॉस्टेलची फी सगळं समोर असतं. प्रवेश परीक्षा ऑनलाइन, पैसे ऑनलाइन. आम्हाला शेवटची तारीख कळायची ती कॉलेजच्या फलकावरून, आणि सुट्टीत फलक वाचायला जाणार कोण? ज्याचा चुलतभाऊ पुण्यात असेल त्याला पुण्याचा अर्ज मिळायचा. बाकीच्यांना पुण्याला अर्ज करता येतो हेच ऑगस्टात कळायचं. बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांना जागा आधीच मोजक्या, त्यात हा उशीर. आमच्यातली किती हुशार मुलं केवळ माहिती नसल्यामुळं घरी राहिली, हे आठवलं की ‘तेव्हाचं बरं होतं’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

पण तेव्हा हा प्रश्न एकट्याचा नसायचा. रात्री जेवणं झाली की गॅलरीत बैठक बसायची. निवृत्त मास्तर, केईएममध्ये काम करणारे काका, पुण्यात सासर असलेली मावशी, रुईयात शिकणारा वरच्या मजल्यावरचा दादा. कुणी म्हणायचं, पुण्यात जेवणाचे हाल होतात. कुणी म्हणायचं, कलिन्याला दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, शिकणार काय? यातलं निम्मं ऐकीव असायचं. विमानांचं मात्र खरं होतं. कुणाचा सल्ला चुकायचा, कुणाचा जुना व्हायचा. तरी त्या बैठकीत एक गोष्ट घडायची: हा मुलगा पुढं शिकणार आहे हे साऱ्या मजल्याला कळायचं, आणि त्याला शिकू देणं ही मजल्याची जबाबदारी होऊन बसायची. पुण्याला जाणाऱ्याच्या पहिल्या महिन्याच्या खानावळीचे पैसे कुणीतरी न मागता आणून द्यायचं. घरी राहणाऱ्यासाठी शेजारची ताई दुपारी आपली खोली रिकामी ठेवायची. आज एवढी माहिती हाताशी असताना मुलाला अपयश आलं तर ते त्याचं एकट्याचं असतं. हे आम्हाला खरोखर लागतं.

कागदपत्रांची एक वेगळीच यात्रा होती. झेरॉक्सची दुकानं गल्लोगल्ली व्हायच्या आधी गुणपत्रिकेच्या नकला टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कार्बन घालून काढून घ्यायच्या. एका दमात चार प्रती. चौथीवरचे आकडे पुसट. मग त्या ‘खऱ्या’ ठरवायला एसईएम, म्हणजे विशेष कार्यकारी दंडाधिकारी गाठायचा. प्रत्येक वस्तीत असे एक-दोघे असायचे, बहुधा समाजात वावर असलेले मध्यमवयीन गृहस्थ. त्यांच्या घरी सकाळी सातला गेलं की ते चष्मा लावायचे, मूळ गुणपत्रिका डावीकडे, नक्कल उजवीकडे ठेवायचे आणि बोट फिरवत ओळ न् ओळ ताडून बघायचे. मध्येच बोट थांबायचं. ‘अर्थशास्त्रात दुसऱ्या पेपरला काय झालं रे?’ आपण मान खाली घालायची. मग गोल शिक्का दोनदा दाबला जायचा, एकदा शाईच्या पॅडवर, एकदा कागदावर, आणि खाली सही. परक्या माणसानं आपली गुणपत्रिका इतकी बारकाईनं वाचल्याचा तो बहुतेकांच्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

केंद्र सरकारनं २०१४ मध्ये स्वयंसाक्षांकनाचा पुरस्कार केला, मग राज्यानंही तीच वाट धरली, आणि आता तर गुणपत्रिका डिजिलॉकरमधून थेट जाते. हे झालं ते उत्तमच झालं. एसईएमच्या दारात सगळ्यांना सारखी वागणूक मिळत नसे. ज्याची ओळख नाही त्याला ‘उद्या ये’ ऐकावं लागे, आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाकडून आलेल्या मुलाला ते जास्त वेळा ऐकावं लागे. शिक्क्यासाठी कुणाच्या तरी मर्जीवर राहायचं हे अपमानाचंच होतं. तरी ते ओळीवरून फिरणारं बोट गेलं याची हळहळ वाटते. आता अर्जातले गुण यंत्र वाचतं, आणि दुसऱ्या पेपरला काय झालं हे विचारत नाही.

जून-जुलै हा अर्जांचा हंगाम आणि हिंदमाताला पाणी भरायचा हंगामही. आमचा भाग बशीसारखा खोलगट; दोन तास जोराचा पाऊस झाला आणि भरती जुळून आली की कापडाच्या दुकानांच्या पायऱ्या बुडायच्या, आंबेडकर रस्ता नाहीसा व्हायचा. शेवटच्या तारखेला कंबरभर पाण्यातून मुलं निघायची, अर्ज दुधाच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेला. ज्यांचा अर्ज भिजला त्यांचं वर्ष गेलं. आता पालिकेनं प्रमोद महाजन उद्यानात आणि झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या भुयारी टाक्या बांधल्यात. पाणी पूर्वीसारखं तासन्‌तास ठाण मांडून बसत नाही. आणि पावसानं कुणाचा अर्ज भिजत नाही. यात हळहळण्यासारखं काहीही नाही.

निवड करण्याआधी विद्यापीठ पाहून येणं हा मात्र एक सोहळा असायचा. फोर्टात जायला निमित्त लागत नसे. मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी खिडकीवर रांग लावावीच लागे. रांगेतून सुटलं की वर बघायचं. दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर, दोन्हींचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे, आणि त्यानं मुंबईत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. टॉवरला पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं, काम पुरं झालं १८७८ मध्ये. ग्रंथालयात रंगीत काचांतून येणारा उजेड पुस्तकावर पडायचा, आणि बाहेरची बेस्टची घरघर आत यायची. आमच्या मुलांना त्या घरघरीत वाचायची सवय होतीच.

पुण्याला जायचं ते दादर टीटीवरून एशियाडनं. दिल्लीच्या १९८२च्या आशियाई खेळांवरून नाव पडलेली ती निमआराम एसटी खोपोलीनंतर धापा टाकत घाट चढायची. पुणे स्टेशनला उतरून पीएमटीची बस. गणेशखिंडीच्या फाटकातून आत शिरलं की आधी ध्यानात यायची ती शांतता. गिरणगावातल्या मुलानं इतकं रिकामं आकाश एका जागी पाहिलेलं नसायचं. वडाच्या पारंब्या, आणि पुढं मुख्य इमारत. हा मुळात गव्हर्नरचा बंगला, १८६०च्या दशकात बांधायला घेतलेला. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्याच समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या, हे आम्हाला शाळेपासून पाठ. ज्या घरात इंग्रज लाटसाहेब राहिला तिथं १९४९ मध्ये विद्यापीठ आलं आणि पहिले कुलगुरू झाले मुकुंदराव जयकर. त्यांच्याच नावाच्या ग्रंथालयात लांब टेबलाशी बसून बघायचं, कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा, सायकलवरून जाणाऱ्या मुलाला थांबवून ‘कॉट बेसिसवर किती पडतात?’ असं विचारायचं. परतीच्या एशियाडमध्ये निर्णय झालेला असायचा. अर्थात हा सोहळा एशियाडचं तिकीट परवडणाऱ्यांचाच. बाकीच्यांनी गणेशखिंड ऐकूनच नाकारली.

आमच्या आजोबांना तर हा पेचच माहीत नव्हता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, तेव्हापासून १९४९ पर्यंत पुण्यात शिकलेल्याच्या हातातही पदवी मुंबईचीच पडायची.

विषय पाहून विद्यापीठ ठरवणारे थोडे, पण होते. त्यांना वाट दाखवायचे कॉलेजातले प्राध्यापक. समाजशास्त्र घेणार असशील तर मुंबई सोडू नकोस, असं ठामपणे सांगितलं जायचं, कारण इथला विभाग १९१९चा, पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केलेला आणि गो. स. घुर्ये यांनी घडवलेला. अर्थशास्त्राचा विभागही जुना. रसायन तंत्रज्ञानाला तर १९३३ पासूनची यूडीसीटी माटुंग्याला, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. पुढं १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तेव्हा भौतिकशास्त्राच्या मुलांचे डोळे तिकडं लागले. प्राध्यापकांच्या शब्दावर सगळं ठरायचं. तो शब्द कधी त्यांच्या जुन्या भांडणांतून आलेला असायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

या सगळ्यात मुली कुठं होत्या? गॅलरीच्या बैठकीत मुलाचं नाव निघायचं. मुलीला पुण्याला ठेवायचं हा विषय निघण्याआधीच संपलेला असायचा. कलिनासुद्धा तिला लांब ठरायचं, कुर्ल्याची गर्दी, संध्याकाळचे तास, ‘कोण आणायला जाणार?’ आमच्या बहिणींपैकी ज्यांचे गुण आमच्याहून चांगले होते त्यांनी बी.ए.नंतर बालवाडीत नोकरी धरली. आज हिंदमाताच्या मुली दादरहून ई-शिवनेरीत बसून एकट्या पुण्याला जातात, कुणाला न विचारता आपला विषय ठरवतात, आणि त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. आमच्या साऱ्या आठवणी तराजूच्या एका पारड्यात टाकल्या तरी हे दुसरं पारडं खालीच राहील. राहायलाच हवं.

नवं सगळं सुरळीत चालतं असंही नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. अनेकांच्या बाहेरच्या प्रवेशांच्या मुदती हुकल्या, कुलगुरूंना पद सोडावं लागलं. आणि ज्या फरकावर आमची निवड उभी होती तो फरकच आता विरघळत चाललाय. पुण्याच्या विद्यापीठ चौकात वाहतूक तुंबलेली असते. तिथला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. शांतता हवी म्हणून गणेशखिंडीला जायचं तर फाटकाशी पोचेपर्यंतच तास जातो. इकडं वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचांच्या इमारतींशेजारी कलिन्याचं आवारच मोकळं, हिरवं वाटू लागलंय. मेट्रो तीन दादरहून थेट हुतात्मा चौकाखाली नेते. घरात खोली आहे, दारात मेट्रो आहे. आमच्या आई-वडिलांनी ज्या कारणांसाठी वाद घातले त्यातलं एकही कारण आता उरलेलं नाही.

पण गॅलरीतली ती बैठकही उरलेली नाही. म्हणून आम्ही काही जण जूनमधल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. अर्ज कसा भरायचा हे मुलांना आमच्याहून चांगलं येतं. त्यासाठी कुणी येत नाही. तरी दोघं-तिघं येतात, गुणपत्रिका मोबाइलवर दाखवतात. आमच्यातले निवृत्त प्राध्यापक ती मोठी करून, चष्मा वर सारून, ओळीनं वाचतात. परवा एका मुलीनं विचारलं की तिला इतिहास आवडतो, पण घरचे म्हणतात त्यात पुढं काय? फोर्ट की गणेशखिंड हा तिचा प्रश्नच नव्हता. सर तिच्याशी तासभर बोलले, आणि पुढच्या रविवारी आईला घेऊन ये म्हणाले.