तुणतुण्याचा पुरावा

अर्ज भरून द्यायचा म्हणून तात्या घरी आले, तेव्हा मला वाटलं काम सोपं आहे. तमाशात चाळीस वर्षं काढलेला माणूस. लिहायला जागा पुरली म्हणजे झालं.

राज्य सरकार १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देतं. आता योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, सरसकट महिना ५००० मिळतात. मी सांगतेय ते त्याआधीचं, श्रेण्या होत्या तेव्हाचं. 'अ' राष्ट्रीय, 'ब' राज्य पातळीवरचा, 'क' स्थानिक. 'क'ला महिना २२५० रुपये. वय पन्नाशीपुढचं हवं, उत्पन्नाचा दाखला हवा, आणि कलेचा पुरावा हवा.

तात्यांचं वय सदुसष्ट. राहायला पुण्यात, गणेश पेठेत, आर्यभूषण थिएटरपासून हाकेच्या अंतरावर. पिशवीतून त्यांनी रेशनकार्ड काढलं, दाखला काढला, मग घडीवर फाटलेली चार पोस्टरं. वर फडमालकाचं नाव वीतभर अक्षरांत, खाली नाचणाऱ्या बायांची नावं, मग सोंगाड्या, ढोलकीवाला. तुणतुणेवाला कुठंच नाही.

"तुणतुण्याला कोन इचारतंय, बाई? बंद पडलं की मात्र समद्यांना कळतं."

एक फोटोही होता. मधोमध गौळणीचा घोळका आणि उजव्या कडेला कापलेला अर्धा खांदा, त्यापुढे तुणतुण्याची दांडी. "ह्यो मी." मी पेनानं खांद्याभोवती गोल केला आणि लगेच वाटलं, उगाच केला.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. जत्रेची सुपारी द्यायला गावोगावची मंडळी तिथं येतात. पुरावा शोधायला आम्ही दोघं एसटीनं गेलो. तात्यांच्या फडमालकाच्या मुलानं ट्रंकेतून एक जुनी वही काढली. उचलीची वही. हंगामाआधी कलावंतानं किती पैसे अंगावर घेतले, त्याची नोंद. तिथं तात्या सापडले, ओळीनं अकरा वर्षं, दरवर्षी नावापुढे आकडा आणि सही. कलावंत असल्याचा लेखी पुरावा म्हणजे अंगावरचं देणं! मी पानांच्या झेरॉक्स काढल्या, पत्रही लिहून घेतलं.

अर्ज तपासणाऱ्या समितीपुढे आमच्या आधी एक गृहस्थ होते. प्लास्टिकच्या पाकिटांची जाडजूड फाइल, शाली पांघरलेले फोटो, सन्मानपत्रं. पानं उलटली गेली, माना हलल्या, पाच मिनिटांत मोकळे. त्यांची कला कोणती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तसा समितीचाही पूर्ण दोष नाही म्हणा; एका दिवसात इतके अर्ज पाहायचे तर कागदच पाहिला जाणार.

तात्यांचे कागद पाहून एक सदस्य म्हणाले, "हा उसनवारीचा हिशोब आहे. कलेचं काही?"

टोकाला बसलेल्या शाहिरांनी विचारलं, "वाद्य आणलंय का?"

तात्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं तुणतुणं काढलं. खुंटी पिळली, तार कानाशी नेऊन ऐकली, परत अर्धा पीळ दिला. काडी फिरली आणि त्या खोलीत एकच सूर, टुंग टुंग टुंग, वाजत राहिला. पंख्याच्या घरघरीत ते इतकं केविलवाणं वाटलं की कुणीतरी खुदकन हसलं. एकट्या तुणतुण्याला गुण द्यायचे तरी कसे? मग शाहिरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि पुटपुटल्यासारखा गण सुरू केला. मध्येच त्यांनी लय मुद्दाम ओढली. तात्यांच्या काडीची लय तसूभरही हलली नाही. शाहीरच वळून तिच्यावर आले.

"बसा," ते म्हणाले. बाकीचे आपापल्या कागदांत काहीतरी लिहीत होते.

बऱ्याच महिन्यांनी मंजुरी आली. मी यादी वाचून दाखवली.

"क म्हंजे?"

"स्थानिक कलावंत, तात्या."

तात्या तोंडाला धोतराचा सोगा लावून हसायला लागले. "पंढरपूर, जेजुरी, माळेगाव, पाल..." बोटं दुमडत ते गावं मोजत राहिले. "आन् स्थानिक कुठला गं मी? गणेश पेठेतला?"