यंत्राच्या नोंदीत आपला पाडा आहे का?

कृत्रिम बुद्धिमत्ता गरिबाच्या दारी डॉक्टर आणणार, असे सध्या ऐकवले जाते. मुंबईच्या वाधवानी संस्थेने ‘शिशु मापन’ तयार केले आहे. आशाताईने नवजात बाळाचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, यंत्र वजनाचा अंदाज सांगणार. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरणारे आम्ही याला विरोध करणार नाही. २५०० ग्रॅमच्या खालचे बाळ वेळीच कळले तर जीव वाचतो.

पण यंत्र शिकते ते जमा झालेल्या माहितीवरून. ही माहिती कुणाची?

अमेरिकेत झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली एका यंत्रणेची तपासणी प्रसिद्ध केली. जादा मदत कोणत्या रुग्णाला द्यायची हे ती ठरवत होती, आणि आजाराचे माप म्हणून उपचाराचा खर्च धरत होती. काळ्या रुग्णांवर खर्चच कमी होई, म्हणून ते कमी आजारी ठरले. चूक सुधारली तर मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के झाले असते. त्या यंत्रणेत वंशाचा रकानाही नव्हता! जात न विचारता जात पाळणारे आपण पाहिले आहेतच.

आता तलासरी पाहा. अडलेल्या बाईला सिल्वासा, वलसाडला न्यावे लागते. नोंद तिकडेच राहते. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची नोंद कुठे शोधणार? उद्या अशा नोंदींवरून डॉक्टर आणि रुग्णवाहिका वाटल्या गेल्या, तर जिथे नोंद नाही तिथे आजारच नाही, असे ठरेल.

डहाणू, तलासरी पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. तो वापरा. विचारा : वारली, कातकरी बाळांवर हे यंत्र तपासले का? किती वेळा चुकले? व्हिडिओ कुणाच्या ताब्यात राहणार? आशाताईला जादा कामाचा मोबदला किती? डॉक्टरांची रिकामी पदे कधी भरणार? उत्तरे ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत मिळाल्याशिवाय ठराव नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाची बाजू मांडताना, आईची विश्रांती देशहिताची आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, असे बाबासाहेबांनी सांगितले. यंत्र आले म्हणून सरकार त्या जबाबदारीतून सुटत नाही.

जय भीम! जोहार!