अध्यक्षांचे दोन शब्द

अध्यक्षपदाचा योग प्रत्येकाच्या पत्रिकेत असतोच असे नाही. माझ्या वाट्याला तो आला, याचे कारण मी वयाने मोठी आणि नकार देण्याच्या बाबतीत भित्री. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या महाविद्यालयांत मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या आम्हा काही प्राध्यापकांनी एक छोटे मंडळ काढले, आणि सर्वांनी एकमताने माझ्याकडे बोट दाखवले.

मंडळाची गरज होतीच. २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले आणि मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द मुलांच्या आधी आमच्याच डोक्यावरून गेले. एका वर्षाने शिक्षण थांबवले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स! दारे पुष्कळ झाली. पण कोणते दार कोणाचे, हे सांगायचे कोणी?

पहिली सभा वर्तकनगरमधील एका शाळेत भरली. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले आम्ही विद्वान तासभर घटना, वर्गणी, लेटरहेड आणि शिक्का यांवर बोललो. शिक्का गोल असावा की चौकोनी, यावर तर मतदानाची वेळ आली. मग कोणीतरी म्हणाले, "आता अध्यक्ष दोन शब्द बोलतील."

भाषण मी लिहून नेले होते. शैक्षणिक सल्लागारांची पहिली राष्ट्रीय परिषद अमेरिकेत १९७७ साली बर्लिंग्टन येथे भरली, १९७९ मध्ये त्यांची 'नाकाडा' ही संघटना उभी राहिली. सल्ला देणे हेही एक प्रकारचे अध्यापनच, असे बर्न्स क्रुकस्टन यांनी १९७२ मध्येच मांडले होते, वगैरे. कागद उघडला आणि खिडकीतून समोरची म्हाडाची जुनी इमारत दिसली. कागद मिटला.

अशाच एका इमारतीतून, बऱ्याच वर्षांपूर्वी, एक मुलगी मी तेव्हा शिकवत असलेल्या महाविद्यालयात आली होती. एफ. वाय. बी. ए.चा अर्ज हातात. "मॅडम, कोणता विषय घेऊ?" बोलकी, माणसांत रमणारी मुलगी. मी पाच मिनिटांत मानसशास्त्र सुचवले. बाहेर रांग होती. तिने मान डोलावली. परीक्षेच्या वेळी कळले, की पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून ती बसू शकणार नाही. पुढे ती आलीच नाही. 'मुले गंभीर नसतात,' असे मी स्टाफरूममध्ये म्हटल्याचेही मला आठवते.

नंतर ती वर्तकनगर नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात भेटली. काउंटरच्या पलीकडे उभी होती. मी विचारले, "का गं सोडलंस?" गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळत ती हसून म्हणाली, "मॅडम, मानसशास्त्राचे तास दुपारी असायचे. आई कामावर जायची, धाकट्या भावाला शाळेतून मीच आणायची. तुम्ही विषय विचारलात, वेळ नाही विचारलीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

एवढे सांगून मी खाली बसले. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा होता. मग मागच्या बाकावरचे एक सर उठले आणि आपल्या चुकलेल्या सल्ल्याविषयी बोलू लागले. त्यांच्यानंतर आणखी एक बाई. साडेसातला शिपाई किल्ल्या वाजवीत दारात येईपर्यंत हेच चालले होते. शिक्क्याचा विषय पुढील सभेवर गेला आणि तो अजून पुढेच जातो आहे.

मात्र आम्ही एक फॉर्म तयार केला. विद्यार्थी समोर बसला, की सल्लागाराने तो भरायचा. त्यात 'आवडीचा विषय' हा रकाना तिसरा आहे. पहिला रकाना असा: 'दुपारी तू कुठे असतोस / असतेस?'

अध्यक्ष म्हणून माझ्या नावावर जमा असलेले काम एवढेच.