तळघराचा आकडा

३ फेब्रुवारी
पोरांची, म्हणजे मुलगा नि सूनबाईंची, घरासाठीची ऑफर मान्य झाली. घर पेनसिल्व्हेनियात कॉलेजव्हिलजवळ, १९७८ सालचं, दोन मजली, खाली तळघर. करारात तपासणीची अट आहे. मुदतीत घर तपासून घ्यायचं. काही निघालं तर दुरुस्ती मागायची, भाव उतरवून घ्यायचा, नाहीतर इसार परत घेऊन मोकळं व्हायचं. माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, तरी पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसानं नळ सोडून दाखवला, एवढीच काय ती आमची तपासणी.

एजंट बाईंनी इन्स्पेक्टरांची नावं पाठवलीत. मी म्हटलं, यातला नको. सौदा झाला तरच बाईंचं कमिशन. त्यांच्या सोयीचा माणूस आपल्या कामाचा असेलच असं नाही. "बाबा, इथे असं नसतं हो," म्हणत सूनबाईंनी रात्री बसून स्वतःच वेगळा शोधला. त्याच्याकडून जुना अहवाल नमुन्याला मागवला आणि रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, मोजण्याचं प्रमाणपत्रही. पेनसिल्व्हेनियात घर तपासणाऱ्याला राज्याचा परवाना लागत नाही, राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व पुरतं. रेडॉन मोजायचा तर मात्र राज्याच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र हवंच.

६ फेब्रुवारी
इन्स्पेक्टर साठीचा, अबोल. "तुम्हीही बरोबर फिरा," म्हणाला, तेव्हाच मला आवडला.

सुरुवात बाहेरून. छपराच्या पन्हळीचा पाइप थेट पायाशी पाणी सोडतोय आणि मागच्या बाजूला जमिनीचा ढाळ घराकडे आहे. मी मुलाला कोपरानं ढोसलं. आत शिरल्यावर इन्स्पेक्टरनं विजेच्या पॅनेलचं झाकण काढून वायरी न्याहाळल्या, बाथरूमच्या सॉकेटात टेस्टर खुपसून तो ट्रिप होतो का पाहिलं, पाणी तापवायच्या टाकीचं वय तिच्या सिरियल नंबरावरून काढलं. भिंत फोडून तो काही बघत नाही. दिसेल तेवढंच लिहितो, हे आधीच सांगतो.

तळघरात मागच्या भिंतीला लोणा लागलाय. मी नखानं खरवडला, पांढरी भुकटी पडली. त्यानं ओल मोजायचं यंत्र टेकवलं आणि फोटो काढला. बाहेरच्या ढाळाचा हा हिशेब. कोपऱ्यात पाणी उपसायच्या पंपाचा खड्डा, वर झाकण नाही. त्या उघड्या खड्ड्याकडे तो जरा जास्त वेळ बघत राहिला.

जाताना तळघराच्या मध्यावर, भिंतीपासून आणि खड्ड्यापासून लांब, एका स्टुलावर रेडॉनचं यंत्र ठेवलं. घर आदल्या रात्रीपासूनच बंद ठेवायला सांगितलं होतं. आता आणखी ४८ तास एकही खिडकी उघडायची नाही, दार फक्त येण्याजाण्यापुरतं. मुलानं विचारलं, "मग घ्यावं का घर?" त्यानं हसून हात झाडले. ते सांगणं त्याच्या कामात बसत नाही.

७ फेब्रुवारी
४२२ नंबरच्या रस्त्यानं जाताना लिमरिक अणुवीज केंद्राचे कूलिंग टॉवर दिसतात. रेडॉनची इथली गोष्ट तिथूनच सुरू होते. डिसेंबर १९८४ मध्ये स्टॅनली वॉट्रस नावाच्या तिथल्या इंजिनिअरमुळे, तो कामाला हात लावण्याआधीच, किरणोत्साराचा भोंगा वाजू लागला. केंद्रात तेव्हा वीज बनायलाही लागली नव्हती. किरणोत्सार त्याच्या अंगावर घरून येत होता! बॉयरटाऊनजवळच्या त्या घरात लिटरमागे २,७०० पिकोक्युरीच्या आसपास रेडॉन निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते ४ झाले की उपाय करावा. पुढे घर दुरुस्त झालं आणि ते कुटुंब परत तिथेच राहायला गेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खडकातल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. थंडीत तापलेल्या घरातली हवा वरून निसटते आणि घर खालून जमिनीतली हवा ओढून घेतं, धुराड्यासारखं. कोब्याच्या भेगा आणि तो उघडा खड्डा या त्याच्या वाटा. वायूपासून पुढे तयार होणारे कण फुप्फुसात चिकटतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगानं दगावतात असा सरकारी अंदाज आहे. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

आमच्या हिनं हे वाचलं आणि जाहीर केलं, "मग नातू त्या तळघरात खेळणार नाही."

९ फेब्रुवारी
रेडॉनची सरासरी लिटरमागे ११.२ पिकोक्युरी. यंत्र तासातासाचा आकडा नोंदवतं. शुक्रवारी दुपारी रेघ एकदम खाली घसरलीय आणि संध्याकाळी परत वर. कुणीतरी खिडकी उघडली असणार. इन्स्पेक्टरनं शेरा मारलाय, आरोप केलेला नाही. म्हणजे खरा आकडा ११.२ च्या वरच.

सूनबाई घर सोडायच्या गोष्टी करू लागल्या. मी म्हटलं, या राज्यात १०० पैकी साधारण ४० घरांत ४ च्या वर निघतो. दुसरं घर घ्याल, तिथे निघणार नाही कशावरून? यावर उपाय आहे आणि तो छपरापेक्षा स्वस्त. कोब्याला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवायचा, पोटमाळ्यावर किंवा बाहेर पंखा लावून कोब्याखालची हवा चोवीस तास छपराच्या वर सोडायची. खड्ड्याला घट्ट झाकण.

१२ फेब्रुवारी
विकणारे म्हणाले, आम्ही बसवून देतो. मी आडवा आलो. ते सगळ्यात स्वस्तातला माणूस आणणार आणि पाइप दिवाणखान्यासमोरून नेणार. भावात तेवढी सूट घ्या आणि स्वतः बसवा. एजंट बाईंना पटलं नाही. सूट मात्र मिळाली.

पाइपावर पारदर्शक यू आकाराची नळी असते, आत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद पडलाय असं समजायचं. बसवल्यावर पुन्हा मोजायचं, पुढेही दोन वर्षांनी एकदा. मुलानं फोनमध्ये तारखा टाकल्या.

ढाळाचं कुणी मनावर घेत नाही. "लहान गोष्ट आहे," म्हणे! एप्रिलच्या पावसाआधी मागे माती टाकून ढाळ फिरवायला आणि पन्हळीचा पाइप लांब न्यायला काय पडेल ते मी विचारायला लावलंय. लोणा पंख्यानं जाणार नाही.